वारा कधी पडेल

नाही, बसत नाही साहेब — ओली आहे मी, खुर्ची खराब होईल तुमची. उभीच बरी. आत येऊ नये म्हणून दारावर पाटी आहे, वाचली मी, पण खिडकीतून हाका मारल्या त्या वाऱ्यात तुम्हाला ऐकूच येईनात, मग आले ढकलून. मला एवढंच सांगा, वारा कधी पडेल? दुपारी? संध्याकाळी? सकाळी रेडिओवर तुम्ही म्हणालात, ‘वारे जोरदार, अधूनमधून सरी, मध्येच ऊन’ — पण ते तर तुम्ही रोजच म्हणता. राग मानू नका हं, आमच्या गल्लीत म्हणतात, साहेबांनी एकदाच बोलून ठेवलंय आणि शिपाई रोज तेच लावतो. मी म्हणते, अहो, बेटच असं आहे, त्याला साहेब बिचारे काय करणार — वारा सुटतो, सर येते, सर जाते, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, दुसरं आहे काय इथं? पण आज मला नेमकं हवंय. बोट सोडण्याइतका वारा कधी पडेल, तेवढंच.

माझी आई गेली. परवा पहाटे. — असू दे, उठू नका, पाणी नको मला. वय झालं होतं तिचं, अंथरुणाला खिळली होती, आज ना उद्या जाणारच होती. आत्ता ती बर्फाच्या कारखान्यात आहे. म्हणजे — ऐकायला विचित्र वाटतं, पण मी तिथंच कामाला आहे ना, मासळी भरायला. खोक्यात बर्फ, मग मासळी, मग परत बर्फ. तर आमचा मुकादम म्हणाला, भाऊ येईपर्यंत ठेव आतल्या खोलीत. तोंडानं फाटका आहे, पण मनानं चांगला. त्यानं स्वतः कोळंबीची खोकी सरकवली, फळी टाकली. मी तिच्या अंगावर दोन चादरी घातल्या — हसाल तुम्ही, बर्फात ठेवलेल्या माणसाला पांघरूण! पण हात ऐकत नाहीत हो, रोजची सवय. काल संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही. आज मात्र मुकादम सारखा घड्याळाकडे बघतोय. बायका आतल्या खोलीत जायला घाबरतात, माल अडून पडलाय, त्याचं तरी काय चुकलं? आणि गल्लीतली माणसं म्हणतात, मुलगा आल्याशिवाय उचलायची नाही. एकुलता एक मुलगा, त्याच्या हातूनच सगळं व्हायला हवं. मुलगी आहे, ती काय, आहेच.

दादा माझ्यापेक्षा मोठा. पलीकडच्या किनाऱ्यावर शहरात असतो. लांब नाही — जेवून बोटीत बसलं तर चहाला इथं. पण कसं असतं ना साहेब, जवळच्या माणसाला जवळचं अंतरच जास्त लांब पडतं. सुरुवातीला यायचा. मग लग्न झालं, वहिनीला बोटीत मळमळतं. मग तो एकटा यायचा. मग म्हणायला लागला, हवामान बरोबर नाही. दर वेळी हेच! आईनं फोन केला की म्हणायचा, ‘आई, निघणारच होतो गं, पण तिकडे वारा फार आहे म्हणे, बोटी बंद आहेत.’ आणि इकडे खिडकीतून मला धक्का दिसतोय, बोट लागलेली दिसतेय, माणसं पिशव्या घेऊन उतरतायत!

आणि आई कुणावर चिडायची माहीत आहे? तुमच्यावर. खरंच सांगते, माफ करा, पण तुम्ही रोज शिव्या खाल्ल्यात आमच्या घरी. ती रेडिओ उशाशीच ठेवायची. तुम्ही म्हणालात, वाऱ्याचा जोर कमी, की उठून बसायची, मला म्हणायची, ‘अगं, केस विंचरून दे माझे, आज येईल तो.’ मी द्यायची विंचरून. मग दुपारी त्याचा फोन, वारा फार आहे. की झाली सुरू — ‘हा मेला रेडिओवाला खोटारडा आहे! पगार कशाचा घेतो? माझ्या राजाला तिकडे बसून कळतं आणि याला इथं बसून कळत नाही!’ मी म्हणायची, आई, बोट आलीय गं, मी बघितली. तर म्हणायची, ती दुसरी असेल. दुसरी बोट! या बेटाला दुसरी बोट कुठनं येणार? पण तिला दिसत नव्हतं ना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शहरात नेऊन काढायचे होते, दादा नेणार होता. ‘पावसाळा संपू दे,’ म्हणाला. इथं पावसाळा संपतो कधी साहेब? तुम्हीच सांगा, तुमचं काम आहे. — मी का नेलं नाही? विचारलं ना मी तिला. कितीदा विचारलं. ‘तू नको, तो नेईल,’ म्हणायची. उचलून तर नेता येत नाही माणसाला. तिच्या डोळ्यांपुढे शेवटी नुसता उजेड आणि सावली राहिली, आणि मी त्यातली सावली.

परवा तिनं डोळे मिटले तसा मी पहिला फोन दादाला केला. लहान मुलासारखा रडला. निघतोच म्हणाला, पण परवाच्या बोटीनं आला नाही. काल सकाळची बोट आली, भिजत उभी राहिले धक्क्यावर, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. नाही आला. फोन केला तर म्हणाला, वहिनीनं टीव्हीवर बघितलं, वादळाचं चिन्ह दाखवत होते, तिनं जाऊ दिलं नाही. आणि दुपारी खरंच वारा सुटला. असा सुटला की बोट परत गेली ती गेलीच. आता दादा म्हणतो, कालपासून मी इकडच्या धक्क्यावर बसलोय, तिकीट हातात आहे, सोडत नाहीत, माझ्याशिवाय काही करू नका, तुला आईची शपथ आहे. आता कोणती आई आणि कसली शपथ! पण आवाजात वारा ऐकू येत होता त्याच्या. घूं घूं. तो वाऱ्यात उभा होता एवढं खरं. गच्चीतही वारा असतो म्हणा.

तुमच्याकडे असेल ना लिहिलेलं, काल सकाळी पलीकडे वारा किती होता ते? — नको. नको, काढू नका ती वही. खरंच नको. काय करायचंय मला कळून? खोटं बोलला असेल तरी माझाच भाऊ आणि खरं बोलला असेल तर... तर फार उशीर केलान.

तुम्ही ऐकताय म्हणून बोलतेय. कुणाला सांगितलं नाही मी हे. आदल्या संध्याकाळी, म्हणजे जायच्या आदल्या, मी चमच्यानं पाणी पाजत होते तिला. घसा बसला होता माझा. बर्फातलं काम, दर महिन्याला बसतो — आवाज असा पुरुषासारखा जाड होतो, बायका चेष्टा करतात. मी म्हटलं, ‘घे, गीळ.’ एवढंच बोलले. तर तिनं मान वळवली आणि म्हणाली, ‘आलास का रे राजा?’ मी सांगणारच होते, आई, मी आहे गं. पण तिचा चेहरा — साहेब, इतकी वर्षं मी त्या चेहऱ्याला धुतलं, पुसलं, तो असा होतो हे मला माहीतच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आलो, आई.’ आले नाही. आलो. एका कान्याचा तर फरक.

मग विचारते कशी, ‘बोट फार हलली का रे?’ म्हटलं, नाही, पाणी शांत होतं. ‘बघ! आणि तो मेला रेडिओवाला सकाळपासून वारा वारा करतोय.’ हसू आलं मला. खरंच हसले मी. मग तिनं माझा हात धरला, जवळ ओढलं आणि म्हणाली, ‘हळू बोल. ती उठेल.’ ती म्हणजे मी हो. ‘मला तुझ्याकडे घेऊन चल रे राजा. हिच्या हातांना मासळीचा वास येतो, घास उतरत नाही माझ्या घशाखाली. अंग पुसते तर खसाखसा, भांडं घासल्यासारखी. तोंडातून एक शब्द काढत नाही दिवस दिवस. मी इथं नाही राहत. मला ने.’ — आणि हे सगळं माझाच हात धरून. तोच हात, साहेब. मला वाटलं, आता वास येईल हिला, आता कळेल. तर ती तोच हात गालाला लावून बसली.

काय म्हणणार मी? ‘नेतो,’ म्हटलं. ‘सकाळच्या बोटीनं.’ ‘पिशवी भरायला हवी.’ ‘मी भरतो, तू पड.’ आणि उठून भरली मी. नुसतं खुडबुड करून चाललं असतं, दिसत तर नव्हतंच तिला — पण मी खरीच भरली. दोन जोड कपडे, शाल, औषधाच्या बाटल्या, कंगवा. चेन ओढली, त्याचा आवाज ऐकून तिनं ‘हं’ केलं. मग बोललीच नाही. पहाटे बघते तर गार.

राग? राग नाही आला मला. म्हणजे — आला. कुणाचा, ते अजून सापडत नाही. आणि आता दादा येणार, फळीवर डोकं आपटून रडणार, सगळे त्याला धरणार, पाणी देणार, म्हणणार, बिचाऱ्याची गाठ पडली नाही. आणि मी तिथंच कोपऱ्यात उभी राहणार, माझ्या या हातांसकट.

काय? — दुपारनंतर पडेल? नक्की? — म्हणजे चारच्या बोटीला परवानगी मिळेल. म्हणजे तो दिवे लागायच्या आत इथं असेल. बरं. बरं झालं सांगितलंत.

थांबा हं. त्याचाच फोन आहे. — हं, दादा. बोल. ... हो, तिथंच उभी आहे, साहेबांच्या समोर. पडेल म्हणतात, दुपारनंतर. ... ये ना, ये. पण आम्ही थांबत नाही आता. ... मुकादम नाही, मी. मी म्हणतेय. तासाभरात उचलायची तिला. ... ओरडू नकोस, मला ऐकू येतंय. ... गल्ली काय म्हणायचं ते म्हणू दे, चार माणसं मी कारखान्यातली घेईन. ... रड. रडून घे. ... काय? ... शेवटचं? शेवटचं काय बोलली? ...

माझ्याशी बोलली. ... हो, शुद्धीत होती. मला जवळ घेतलं, माझा हात गालाला लावला. म्हणाली, तू फार केलंस गं माझं. ... तुझं? नाही. तुझं काही काढलं नाही तिनं. ... एकदाही नाही. ठेवते.

— असं बघू नका साहेब माझ्याकडे. तो लाल दिवा लागला बघा तुमचा, वेळ झाली. बोला तुम्ही. दार मी ओढून घेते.