सव्वा मूठ गहू

हॅलो? … हो, साक्रीच. गिरधर बोलतोय. … माय? अगं, चार वाजून वीस मिनिटं झाली. मी तीनपासून या बूथबाहेरच्या बाकावर बसून आहे. … नाही, कंटाळलो नाही. शनिवारचा बाजार आहे, माणसं पाहत होतो. ओळखीचं कुणी नसलं की माणसं फार स्वच्छ दिसतात. … बरं, बरं, नाही बोलत पुस्तकासारखं. घे, आपल्या बोलीत: बठ्ठं बरं शे, सगळं ठीक. झालं समाधान?

जेवतो, हो. … आश्रमशाळेतच, मुलांबरोबर. … तू कुठून बोलतेस? … तोतारामच्या गिरणीतून? मग इतकी शांतता कशी? … हो, हो, विसरलोच. उद्या आपली देवी कानबाई बसणार. गिरणी धुऊन पहिलं दळण आपल्या प्रसादाच्या रोटांचं. … घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ गहू; निघाल्या सगळ्या मुठी? किती झाल्या? … चौदा? … गेल्या श्रावणात पंधरा होत्या ना? … हो. आबांची. … गेलेल्या माणसाच्या नावाने मूठ काढत नाहीत, ठाऊक आहे मला. … पण निंबाला मुलगा झाला ना जेठात? आबा गेले, नातू आला. पंधराच हव्यात.

अगं, राहिली असेल एखादी, पुन्हा आठवून बघ… काय? … हळू सांग. तोताराम जवळ आहे? … चहाला गेलाय. मग सांग.

… कुणाची नाही काढलीस? … त्याची? … सभापतींची?

… हसतोय, हो. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसतोय, माय, हसू दे. … मुद्दाम नाही? मग? … 'मनी मूठ उघडनीच नई'… तुझी मूठ उघडेल तरी कशी? त्याची माणसं मतदान केंद्रात शिरून माझ्या डोळ्यांदेखत शिक्के मारत होती. मी केंद्राध्यक्ष, मी तसं लिहून दिलं, आणि चौकशीत निघालं काय, तर काहीच आढळलं नाही. सख्खा चुलतभाऊ असून त्यानेच आपल्या संस्थेच्या एरंडोलच्या शाळेतून उचलून मला या डोंगरात आणून टाकलं. … बरं, माझं जाऊ दे. त्याची विजयाची मिरवणूकही जाऊ दे? आबा आत धापा टाकत होते आणि त्याचा बँड आपल्या दारापुढून तासभर हलला नाही. चौथ्या दिवशी आबांना नेलं आपण. … नाही, आवाज नाही चढवत. बूथवाला बघतोय, कळतंय मला.

राहिली मूठ ती राहू दे. … अगं ऐक ना… ऐक. त्याच्याकडे जीप आहे, खुर्ची आहे, गळ्यात रोज नवा हार आहे. सव्वा मूठ गहू नसले तर काय अडणार आहे त्याचं? … हो, मूठ नाही म्हणजे मेलेल्यांत धरलं, अर्थ तोच होतो. … होऊ दे. कुणीतरी, कुठूनतरी, एकदा त्याला वगळायलाच हवं होतं. सरकारला जमलं नाही ते तुझ्या हाताला जमलं.

… कुणी पाहिलं? … कमलकाकूंनी? त्याच्या आईने? … शेजारीच बसल्या होत्या… आणि? … नुसत्या गव्हातले खडे वेचत राहिल्या. … सूप तुझ्यापुढे कुणी ठेवलं होतं? … त्यांनीच. 'आबा गेले म्हणून थोरलीचा मान जात नाही'… असं म्हणाल्या त्या?

… हो, ऐकतोय.

माय, एक विचारू? तू म्हणतेस, कानबाईला सगळं दिसतं. ते शिक्के पडत होते तेव्हा दिसले तिला? तो बँड ऐकू आला? … उर्मटपणा नाही हा. इथे विचारायलासुद्धा कुणी नाही गं. शाळा सुटते, मास्तर मंडळी आपापल्या गावी निघून जातात, आणि मी मागच्या ओसरीवर बसून समोरचा डोंगर काळा पडताना पाहतो. रोज त्यालाच विचारतो. तो माझाच प्रश्न थोडा उशिरा मला परत करतो. … काय म्हणालीस? … तुलाही माहीत नाही? … नाही, राग कसला. तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं, इतकंच.

मग भरवसा कशाचा ठेवतेस? … खरखर येतेय, पुन्हा सांग. … तिच्या कामात तू हात घातलास… म्हणजे तुझाच भरवसा सुटला… हं… आणि ज्याचे गहू तिच्या दळणातच नाहीत, त्याला ती जाब तरी कशी विचारणार?

… हे कुणी सांगितलं तुला? … कुणी नाही. सकाळपासून सुपाशी बसून सुचलं. … माय, मी मराठी घेऊन बी.ए. झालो. मला नाही सुचलं.

नाही, पटलं असं नाही म्हणत मी. … माझी परवानगी कशाला हवी? … मी त्याचा मारलेला म्हणून. निंबाला विचार की, थोरला आहे तो. … निंबा म्हणाला, गिरधरला विचार. वा.

… आणि मी नको म्हटलं तर? … तर चौदाच दळशील. … तुझा सूर ऐकू येतोय मला, माय. दळशील खरं, पण त्यातला घास तुझ्या घशाखाली उतरणार नाही.

… तोताराम आला? … पट्टा चढवतोय? थांबव त्याला. दोन मिनिटं थांब म्हणावं.

… घाल. … हो, घाल म्हटलं. त्याच्यासाठी नाही. रोज इथे बसून मी एकटाच त्याचा न्याय करतो, रोज शिक्षा ठोठावतो, आणि सकाळी तो आहे तिथेच असतो. फार एकटं काम आहे ते. आता तिलाच करू दे.

… मी? … नाव घेऊनच मूठ सोडायची, माहीत आहे, पण नाव तू घे ना. … निघत नाही तोंडातून? … माझ्याही नाही निघत. पाच महिने 'तो' म्हणतोय मी, 'सभापती' म्हणतोय. … हो, एका पाटीवर अक्षरं गिरवली आम्ही. आठवण नको करून देऊस. … घेतलेस हातात गहू?

थांब. … थांब जरा.

सुकदेव.

… सोडलेस? … मग अजून काय? … पाव मुठीला पुन्हा नाव? … हो, सव्वा म्हणजे सव्वाच…

सुकदेव.

… दळ म्हणावं आता. … नाही, माय. रोट खायला नाही येणार. त्याच्या पंगतीला बसण्याइतकं नाही झालेलं माझं मन. … नाही, पुढच्या वर्षीचंही नको विचारूस. नाव दिलं. तेवढंच होतं माझ्याजवळ. … हो. … हो, शनिवारी असेन इथे. … ठेव आता. बाहेर रांग लागलीय.