बेल दाबा म्हणजे झालं

— नाही नाही, घाई कसली, खोली कुठं पळून जातेय? चपला इथं काढा, घड्याळ माझ्याकडे द्या. हो, घड्याळसुद्धा, आत त्याची टिकटिक म्हणजे दारावर हातोडा. या बिनआवाजाच्या खोलीत आम्ही पंख्यांचा, मिक्सरचा आवाज मोजतो. माणसं नुसती शांतता ऐकायला हौसेनं येतात, मिक्सर निदान हट्ट तरी करत नाही. तुमच्यासारखेच एक आले होते, मौनाचे वर्ग घेणारे. म्हणाले, मला सवय आहे. अकराव्या मिनिटाला बाहेर — काय झालं गुरुजी? तर म्हणे, पोटात कोणीतरी फर्निचर हलवतंय. आणि एका दाढीवाल्याला तर दाढी वाढताना ऐकू आली, खोटं वाटत असेल तर सोडून द्या, मलाही वाटलं होतं.

मी? मी चार मिनिटं. हसताय काय, बावीस वर्षं या दाराशी बसतोय आणि आत चार मिनिटं. अहो, बोललेलं भिंती गिळतात. ओठापासून निघालं की गेलं. असल्या ठिकाणी माणसानं बोलावं कुणाशी?

सर्वांत जास्त कोण बसलं? आमची ही. दोन तास दहा मिनिटं. पैजच होती — ती रोज म्हणायची, तुमच्या बडबडीनं डोकं भणभणतं. मी म्हटलं, चल, बस आमच्या खोलीत, दहा मिनिटांत माझ्या आवाजासाठी हात जोडशील. ती म्हणाली, मी बेल वाजवेपर्यंत दार उघडायचं नाही. कबूल. अर्धा तास झाला, मी मनात हसलो. तास झाला, म्हटलं अडून बसलीय. दीड तासानं माझ्याच पोटात फर्निचर हलायला लागलं — चक्कर आली असेल, पडली असेल, असं काहीबाही. शेवटी दोन तास दहा मिनिटांनी मीच दार उघडलं. तर बाईसाहेब आतल्या तारेच्या जाळीच्या जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून, चेहरा असा की लग्नाच्या फोटोतही नव्हता. डोळे उघडले, मला पाहिलं आणि म्हणाली, "इतक्यात?"

बस्स. त्याला आज अकरा दिवस. घरात चहा मिळतो, भाकरी मिळते, शब्द नाही. भांडण नाही हो, भांडण असतं तर मी जिंकलो असतो. मी रोज एक नवी थाप सांगतो — पूर्वी म्हणायची, "पुरे आता." तेवढं म्हटलं तरी चाललं असतं. काल साहेबांकडे अर्ज आला, दर बुधवारी एक तास खोली मिळावी. अक्षर ओळखलं मी. साहेब म्हणाले, देऊन टाकू की, तुमच्याच घरचं माणूस.

— काय? हो, दिवा आतून बंद होतो. उशीर करतोय म्हणता? मी? बरं, राहिलं. आत व्हा. बटण उजव्या हाताला, लाल. आणि हे बघा, तुम्हाला कितीही छान वाटलं तरी पाच-सात मिनिटांनी दाबा ते. उगाच का होईना, दाबा. मी इथंच आहे. ओढा दार.