तिशेपटीची साक्ष

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा, अन् मला एक सांगा — मायेपोटी खोटी साक्ष दिली, तर ते पाप की पुण्य? ... गप्प? एरवी माना डोलावता, आज माना खाली! बरं, मग गोष्टच ऐका.

एका शहरात केतकी नावाची नदी होती. नदी म्हणायचं आपलं! पुलावरून जाणारे नाकाला रुमाल लावायचे. पण काठावरची म्हातारी तानूबाई भोई तिला 'बाय' म्हणायची. पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर जगल्या. बापानं शिकवलं होतं — जाळं टाकण्याआधी दगड उलटायचा. खाली तिशेपटी दिसली, तर पाणी निरोगी. केवढी असते तिशेपटी? तांदळाच्या दाण्याएवढी! तीन बारीक शेपट्या, ओल्या दगडावर सुळकन आडवी पळते. मी पाहिलीय हो, आईबरोबर धुणं घेऊन जायचे तेव्हा. तुमच्यात कुणी पाहिलीय? हात वर करा! ... राहू द्या.

एक दिवस घाटावर कॉलेजच्या शर्वरीताई आल्या. हातात जाळी, पांढरा ट्रे.

"मावशी, नदीची तब्येत बघतेय."

"नाडी कुठं लागते तिची?"

"दगडाखाली!"

तानूबाई हसली. शिकलेली बाई, अन् विद्या आपल्या बापाचीच! पण ट्रेमध्ये निघाल्या नुसत्या लाल अळ्या — कुजक्या गाळात तग धरणाऱ्या. ताई म्हणाल्या, "रविवारी पुन्हा बघते, मग अहवाल देते."

त्यांची पाठ वळताच शेजारची चंद्राक्का फणकारली, "तानू, तुझी बाय मेली म्हणून लिहिणार बघ! मग वर स्लॅब टाकून रस्ता करतील. वास तरी जाईल!"

तानूबाईच्या मनात एकच — बायवर स्लॅब?

रविवारी पहिल्या बसनं तानूबाई डोंगराच्या पायथ्याला गेली, जिथं केतकी अजून खळाळते. दगड उलटून एकेक तिशेपटी पितळी कळशीत घेतली. परतताना कंडक्टर म्हणाला, "आजी, कुठलं तीर्थ?"

"बायचं माहेर आहे यात. धक्का लावू नको!"

हसा, हसा. पुढं हसू येणार नाही.

घाटावर येऊन तिनं बारा तिशेपट्या दगडांखाली सोडल्या. तासाभरानं ताईंनी दगड उलटला — "मावशी! जिवंत आहे हो नदी! मागच्या वेळी माझंच चुकलं!" तानूबाईच्या डोळ्यांना धार लागली.

अहवाल गेला — केतकी बरी आहे. अन् शहरातले जे घाण नाले अडवून शुद्ध करायचे होते, त्या यादीतून केतकीत पडणारा नाला गळला. धडधाकटाला औषध कोण पाजतं?

दोन वर्षं गेली. पाणी डांबरासारखं झालं. एका सकाळी तानूबाईनं दगड उलटला, तर लाल अळ्यासुद्धा नाहीत! ज्यांचा राग यायचा, त्यांच्यासाठी ती रडली.

ताई पुन्हा आल्या, तेव्हा तिनं कळशीची गोष्ट सांगून टाकली. "स्लॅब टाकतील म्हणून भ्याले हो!"

ताईंनी ट्रे खाली ठेवला. "स्लॅब कोण टाकणार होतं, मावशी? आजारी लिहिलं असतं, तर नाला अडवला असता. अन् हे तुम्हाला सांगायचं मलाही सुचलं नाही."

"माझ्या त्या बारा जणी?"

"संध्याकाळसुद्धा पाहिली नसेल त्यांनी."

मंडळी, त्या जिवांना खोटं बोलता येत नाही. म्हणून तर त्यांची साक्ष काढतात! अन् तानूबाईनं त्यांच्याच तोंडी खोटं घातलं — मायेनं!

अजून ती रोज दगड उलटते, बघते, होता तसा ठेवते. कुणी विचारलं, "काय आहे गं खाली?" तर सांगते, "काही नाही." आता लपवत नाही.

अन् आपण? घरातलं दुखणं, गावातली घाण — "आमचं बरं आहे" म्हणून झाकतोच ना? तेही मायेनं! आज घरी जाताना पूल लागेल. नाकाला रुमाल लावू नका. वास घ्या. अन् कुणी विचारलं, तर खरं सांगा. देवाचं नाव घ्यायला तोंड तेवढं तरी स्वच्छ हवं.

उचला आता टाळ. हळू वाजवा.