चावी सोडली की बंद

हॅलो?… हॅलो, कोन बोलतंय?… जरा जोरात बोला, नाव दिसून न्हाई राह्यलं मला, डोळ्याला पट्टी आहे… हां, फकरोद्दीन मिस्त्रीच. मस्तगडवाला.

कोन, शालू? कडूबाची सून? बोल बेटा… रडायलीस का?… बरं, न्हाई रडत. मंग एवढा दम काहून लागला?

व्हॅन परत बंद पडली?… कुठं?… अंबडच्या अलीकडं. मेन रोडला का आतल्या?… आतल्या. किती राह्यलं अंबड?… नऊ किलोमीटर.

थांब. आधी गाडी कडेला आहे ना? हँडब्रेक लाव. मागच्या चाकाला दगड लाव… लावला? आधीच लावला? शाब्बास.

आन् आत कोन कोन आहे?… सहा पोरी? आज सहा पोरी कशाला… अरे! दहावीचा पेपर. आजपासून ना? माझ्या ध्यानातच न्हाई… कितीला आत घेतेत?… साडेदहा. आत्ता वाजले किती?… पावणेदहा.

न्हाई, न्हाई, घाबरू नको. वेळ आहे. बंद कशी पडली ते सांग. क्लच झटक्यात सोडला असशील, जिथं खड्डा…

…हं.

…हं. चौथ्या गेअरला होती. सरळ रोड होता. क्लचला पायच न्हाई लावला…

बरं, चुकलो. सांग तू. मी मधी बोलत न्हाई.

…हं… गाडी चालू असताना एकदम शांत झाली. धक्का न्हाई, खोकली न्हाई, झटके न्हाई. जसं कोनी बटन बंद केलं… आन् घरंगळत कडेला घेतली तू. हे तू मला मागच्या वेळी सांगितलं होतं का?… गाडी दाखवायला आनली त्या तिन्ही वेळा सांगितलं होतं?

…हं.

बरं, पोरींना पाठवायला दुसरं काही?… बस गेली. तातेरावचा टेम्पो आल्ता… मोसंबीनं भरलेला, पाय ठेवायला जागा न्हाई… मोटारसायकलवाला दोघींना नेतो म्हनला? ओळखीचा होता का?… न्हाई ना? मंग न्हाई पाठवलं ते एकदम बराबर केलं. पोरी तुझ्या भरवशावर दिल्या लोकांनी.

मी आलो असतो गं. पन काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनं खाली वाकूसुद्धा नको म्हनलंय… अकबरबी, लेटेलाच हूं मैं, उठा नई! हां, तुझी चाची आहे, वरडायली… एक मिनिट धर. अतिक! ए अतिक! शालू की व्हॅन बंद पडी, अंबड के पहले, अंदर के रोड पे. जीप निकाल, जल्दी! आन् दुकानातून व्हॅनचा चावीचा स्विच, कॉइल, जे हाताला लागंल ते सगळं घे!

हां, शालू. पोराला, अतिकला पाठवून राह्यलो. पन खरं सांगतो, तो पोचेस्तोवर साडेदहा होतील. तोपर्यंत आपून हात बांधून बसायचं न्हाई. तू माझे डोळे हो आज. तू बघ, मी सांगतो. जमंल?… जमवायचंच आहे म्हनती. वा.

पोरी कुठं आहेत?… बाभळीखाली. काय करायल्या?… पाठ केलेलं म्हनायल्या? म्हनू दे, म्हनू दे. त्यांना काही सांगू नको. पाच मिनिटांत निघतोय म्हन.

आता सीट उचल. ड्रायव्हरची… इंजिन दिसलं? पेट्रोलचा वास येतोय का?… जरासाच, नेहमीसारखा. पेट्रोल कधी टाकलं?… कालच. काट्यानं किती दाखवलं, गरम झालती का?… मधोमध. म्हंजे गरमीबी न्हाई.

आता चावी दे, स्टार्टर मार. फोन इंजिनपाशी धर म्हंजे मला ऐकू येईल… पट्ट्यापासून लांब धर! ओढनी आत खोच, लोंबू देऊ नको… हां, मार.

…

हां, हां… स्टार्टर तर जोरात फिरायला. बॅटरी चांगली आहे… अरे! पकडली की!… गेली. का गं, काय केलं?… काहीच न्हाई? परत मार.

…

परत पकडली आन् परत गेली. थांब, थांब. शालू, अगं ऐक ना, आता नीट ऐक. पकडली तव्हा चावी कुठं होती तुझ्या हातात? पुढं दाबून धरलेली ना?… आन् इंजिन आलं म्हनून तू चावी सोडली. मंग गेली?

मंग आता असं कर. मार, आन् इंजिन पकडलं तरी लगेच सोडू नको. मनात एक, दोन मोज आन् मंग सोड. फक्त दोन. जास्त धरलं तर स्टार्टर खराब होईल.

…

एक… दोन…

चावी सोडली की बंद!

दरवेळी?… सोडल्या बराबर? त्याच क्षणी?

अल्ला. एवढी साधी गोष्ट.

न्हाई, न्हाई, वाईट न्हाई, चांगली गोष्ट आहे! ठिणगी देनारी कॉइल गेली असती तर पकडलीच नसती. सांगतो, आधी एक बघ. चावी चालूवर ठेव, स्टार्टर मारू नको. समोर लाल दिवे लागले का? बॅटरीचा, तेलाचा?… एकबी न्हाई? काळंभोर?… आता चावी जागेवरच जराशी हलव. उजवीकडं… डावीकडं… पुढं दाबून…

काय झालं? बोल ना!… लुकलुकला? दोन्ही दिवे?… अगं मंग सापडलं की! इंजिनात काहीच न्हाई बिघाड. चावीच्या मागं जो स्विच असतो, तिथं करंट तुटून राह्यला. तू चावी दाबती तव्हा दुसऱ्या वाटंनं करंट जातो, इंजिन येतं. सोडली की नेहमीच्या वाटंवर येतो, आन् ती वाट तुटलेली आहे. म्हनून मरतंय.

शालू, चावीला काय लटकवलंय तू?… हं… घराची. गोठ्याची. कपाटाची… अंगणवाडीच्या दोन… पितळी घुंगरू? किती चाव्या म्हनली?… अकरा! अगं, अर्धा किलो वजन लटकवून फिरायलीस तू. खड्डा आला की सगळा झुबका स्विचला हिसके देतो. म्हनून खराब रोडला जास्त पडायची…

पन मंग माझ्याकडं का न्हाई पडली बंद? तीन वेळा आनली तू. तिन्ही वेळा मी शनी मंदिरापर्यंत चक्कर मारून आलो, एकदाबी…

काय?

…घराच्या चाव्या आहेत म्हनून झुबका काढून घ्यायची. मला नुसती गाडीची चावी द्यायची.

…

म्हंजे मी चालवली तव्हा चावीला वजनच नव्हतं.

मला एकदाबी सुचलं न्हाई गं तुला म्हनायचं, की शालू, तू बस, तू चालव, मी बाजूला बसतो. तीन वेळा मीच चालवली आन् मीच निकाल दिला. वर कडूबाला काय बोल्लो? गाडी ठणठणीत आहे, सूनबाईचा हात कच्चा आहे… मला ठाऊक आहे मी काय बोल्लो ते. का, काय झालं?… भारत? तुझा दीर?… उद्यापासून तो चालवणार? असं ठरवलं कडूबानं?… माझ्या बोलन्यावरून.

अगं, तू काहून सॉरी म्हनतीस? तू नको म्हनू. चूक माझी आहे. त्याचं बघू आपून, पक्कं बघू. आधी पोरी. वाजले किती?… नऊ पन्नास. चल.

चावी बंद कर, बाहेर काढ. दहा नंबरचा पाना आहे ना?… आधी बॅटरीची वायर सोडायची. काळी. काळीच, लालला हात लावू नको… घट्ट आहे? दोन्ही हातांनी… निघाली? ती बाजूला कर, परत चिकटली न्हाई पायजे.

आता स्टेअरिंगच्या खाली बस. खाली म्हंजे पार खाली, पाठ टेकव… साडीवर माती लागू दे, धुता येती. चावी जिथं घालतीस त्याच्या बराबर मागं हात घाल. वायरींचा एक जुडगा लागंल, त्याला प्लॅस्टिकचा चौकोनी खटका… सापडला? मोबाईलचा टॉर्च लाव, बघ त्याच्यात… अगं मोबाईल तर तुझ्या कानाला आहे! स्पीकरवर टाक, एखाद्या पोरीला धरू दे… कोन आली?… इरम? हां बेटा, उजेड शालूताईच्या हातावर धर. तुझा पेपर चुकनार न्हाई, मी सांगतो ना.

हां शालू, काय दिसतंय?… एक वायर तपकिरी पडली. जळाल्यासारखा वास… आन् तिची पिन मागं सरकली. बस. हीच. हीच आहे ती. दोन महिने तुला हिनंच छळलं.

खटका बाहेर ओढ. वायर धरून न्हाई, प्लॅस्टिक धरून… आता ती पिन घासून साफ करायची. टोकदार काही आहे का?… इरम, कंपासपेटी आहे? कर्कटक दे तिला. हां, कर्कटकाचं टोक… हळूहळू खरवड. काळं निघून पितळ चमकलं पायजे… चमकतंय? आता पिन पुढं ढकल, जागेवर बसू दे… आता खटका लाव. टक् आवाज आला पायजे.

…

आला! मी ऐकला! अकबरबी, सुना क्या? टक् आया!

थांब, अजून झालं न्हाई. तो परत सैल होईल. बांधायला काही?… दोरी न्हाई. मंग… केसांचं रबर? चालंल! इरम, तुझ्या वेणीचं?… दोन दे बेटा, दोन. शालू, खटक्याला आन् स्विचला मिळून गुंडाळ, तीन-चार वेढे, घट्ट.

आता बॅटरीची वायर लाव… आवळ. आता नुसती चावी घाल. एकटी. झुबका पर्समधी टाक… दिवे?… दोन्ही लागले? हलवून बघ. विझले?… न्हाई विझले. आता मार स्टार्टर. या अल्ला…

…

…

सोडली का चावी?… सोडली?

चालू आहे ना? मला ऐकू येऊन राह्यलं, पन तू सांग!… हां! हां बेटा, हां! रेस दे जरा… वा. काय आवाज आहे. कोन वरडायलंय, पोरी? वरडू दे! बसव त्यांना, दगड काढ, आन् निघ. फोन इरमजवळ दे. तू एक शब्द बोलू नको आता, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

…इरम? बोल. निघाली?… किती वाजले?… दहा वाजून दोन मिनिटं. खूप वेळ आहे. सांग तिला, खूप वेळ आहे, पळवू नको. आन् गाडी बंद पडल्यासारखी झाली तर घाबरून चावीला हात लावायचा न्हाई, सरळ कडेला घ्यायची… सांगितलं?… ठाऊक आहे म्हनली? हां, तिला ठाऊकच आहे. दोन महिने तेच करून राह्यली बिचारी.

तू कोनाची गं?… आमिर टेलरची? अरे, मंग माझा कुर्ता तुझ्या बापानंच… बरं, बरं, ते राहू दे. पुढं काय आलं?… पूल. पुलाच्या तोंडाशी मोठा खड्डा आहे ना? तिथंच पडायची ती?… आला? आला खड्डा?

…

इरम?… हॅलो?

…पार झाली? चालू आहे? जोरात बोल ना मंग, जीव घेती का माझा!

…

हां… हां… अंबडचा फाटा आला. मंडी दिसली… हळू, गर्दी असंल… शाळेचं फाटक. दहा सतरा? फक्त दहा सतरा झाले? अगं मंग पानी प्या, बाथरूमला जाऊन या, हॉल तिकीट हातात घ्या. सगळ्या उतरल्या? फोन दे शालूताईला. आन् इरम… नीट लिही बेटा. रबर मी नवीन घेऊन देतो, पूर्ण पाकीट.

हां शालू.

…आता रडतीस? आता रड, चालंल. मी ऐकून न्हाई राह्यलो असं समज.

आता हे बघ. पोरी परत आनायच्या आहेत, आन् रबरावर एवढा भरोसा नको. गाडी तिथंच सावलीत राहू दे. अतिक निघालाय, त्याला तिकडंच बोलावतो. नवीन स्विच बसवंल, खटका बदलंल, पेपर सुटायच्या आत. पन तो एकटा गाडी चालवून बघनार न्हाई. तू चालव, तो बाजूला बसंल. मी ताकीद देतो त्याला.

आन् कडूबाला मी आत्ता फोन लावतो… का नको?… तू सांगनार? सांग की. पन तुझं ऐकायच्या आधी माझं ऐकू दे त्याला. माझ्या तोंडून गेलेली गोष्ट माझ्याच तोंडून परत आली पायजे. स्पष्ट सांगतो, कडूबा, मी चुकलो, तुझी सून बराबर होती. चालती गाडी बंद पडली तरी तिनं सहा पोरी खरचटल्या बिगर कडेला घेतल्या, वर बिघाड शोधून दुरुस्त केला. भारतला म्हनावं, तू तुझी शेती बघ… न्हाई, शेवटचं न्हाई बोलनार, मजाक केली.

…कोन बोलायलंय तिथं? मागं कोन आहे?… कोन सोनूबाई?… पोरीला पेपरला घेऊन सहा किलोमीटर पायी आली? आज?… आन् काय विचारायली ती?

उद्यापासून तिच्या पोरीलाबी घेशील का म्हनून?

…शालू, अगं ती तुझ्यासमोर उभी आहे, आन् तू माझ्याशी काय बोलत बसलीस! सीट आहे ना एक रिकामी?… मंग! जा, बोल तिच्याशी, कुठून घ्यायचं, कितीला निघायचं ते ठरव. मी ठेवतो… ठेवतो म्हनलं ना… अगं हो, दाबतो बटन, दिसंल तर दाबीन ना… अकबरबी, ये लाल वाला किधर है?