खांद्याला सोसेल अशी बंदूक

नाही नाही, ती नको, ठेव ती खाली. दिसायला नाजूक आहे ना, तीच जास्त लाथ मारते. सगळ्याजणी आधी तिलाच हात घालतात — वीस बोअरची आहे, हलकी आहे, म्हणजे बाईमाणसाची. कुणी सांगितलं? अगं, बंदूक जितकी हलकी तितका धक्का सरळ हाडात. वजन हवं, वजन. ही घे. बारा बोअरची, सेमी-ऑटोमॅटिक, गॅसवर चालणारी. बारा म्हणजे विसापेक्षा मोठी नळी, पण म्हणून दचकू नकोस — काडतूस उडालं की नळीतला थोडा वायू मागे वळतो, आतला दट्ट्या ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर, नवं काडतूस आत, आणि या सगळ्या उठाठेवीत लाथेतला बराचसा जोर मरून जातो. उरतं ते नुसतं ढकलल्यासारखं. चर्चमधून बाहेर पडताना मागच्याचा खांदा लागावा ना, तसं. साफ मात्र ठेवावी लागते हं, काजळी धरते आत. आळशी माणसाचं काम नाही. लाव खांद्याला. रिकामी आहे, हे बघ, तुझ्यासमोर उघडून दाखवते. तशी नाही — दंडावर नाही, आत, मानेच्या अलीकडे खळगा आहे ना, तिथे. घट्ट. गाल दस्त्यावर. दस्ता लांब होतोय तुला? — काय? — सांग की मग, आधी नीट उभी राहा. डावा पाय पुढे.

नवराच ना तो, गाडीत बसलेला? मघापासून बघतेय मी खिडकीतून. टोपी डोळ्यांवर ओढून, इंजिन चालू ठेवून. आत नाही आला. असले नवरे नाहीच यायचे आत. ‘खांद्याला सगळ्यात हळू कुठली?’ म्हणून तू दारातूनच विचारलंस ना, तेव्हाच मी ओळखलं. अगं, इतकी वर्षं या काउंटरमागे उभी आहे, फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की तुझ्यासारखी एखादी येतेच. काही सांगू नकोस, मला ठाऊक आहे सगळं. माझा हात बघितलास तू, बघितलास ना? हा उजवा एवढाच वर जातो. एवढाच. वरच्या फळीवरची काडतुसं काढायची तर स्टूल लागतं मला. हे जन्मापासून नाही काही. हे माझ्या सासरच्यांनी दिलंय, लग्नाचा आहेर म्हणून.

मी केस कापायचे. गावात, बँकेच्या शेजारी, स्वतःची खुर्ची होती माझी, आरसा होता. माझ्याकडे, या आर्डिथकडे केस करायला तीन गावांवरून बायका यायच्या, विचार कुणालाही — म्हणजे आता राहिल्यात किती म्हणा. मर्लशी लग्न झालं, आणि पहिल्याच ऑक्टोबरात, मोसमाच्या पहिल्या शनिवारी, सगळी सासरची मंडळी धान्याच्या कोठारामागे जमली. सासरे, दीर व्हर्जिल, चुलते, त्यांची पोरं. मला वाटलं, चला, आपल्यालाही घेतात शिकारीला. किती आनंद झाला होता मला! नवीन बूट घेतले होते. मर्लने भिंतीवरून आज्याची बंदूक काढून आणली — एकनळी, काठीसारखी हलकी, दस्त्याला रबराची गादी नाही, नुसतं लाकूड. आणि आत घातलं रानहंसांसारख्या मोठ्या पक्ष्यांवर मारतात ते काडतूस, चांगलंच जड. मला काय कळत होतं? व्हर्जिल पुढे झाला, म्हणाला, ‘वहिनी, अंगाला अजिबात टेकवायची नाही हं, जरा लांबच धरायची, म्हणजे लागत नाही.’ प्रेमाने सांगितलं, बरं का. लांब धरायची! बोटभर जागा सोडली ना, की ती लाथ धावत येते, पोरी. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘ओढ चाप.’ मी ओढला.

पुढचं मला आठवतं ते आभाळ. कापणी झालेल्या मक्याच्या खुंटांवर पाठ, आणि वर आभाळ, आणि हसणं. सासऱ्यांची तर मुरकुंडी वळली होती, डोळे पुसत होते ते. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं माझं आणि खांदाही आतून फाटला होता, पण ते कळलं दोन दिवसांनी, कारण दोन दिवस मर्ल म्हणत होता, ‘नाटकं करू नको.’ सासूबाईंनी गोठवलेल्या मटारची पिशवी आणून खांद्यावर ठेवली आणि कानात म्हणाल्या, ‘मलाही असंच केलं होतं यांनी. हसून टाक.’ हसून टाक! हाड जुळलं ते वाकडं जुळलं. केस कापायचे तर हात दिवसभर वर धरावा लागतो. माझा धरवेना. खुर्ची गेली, आरसा गेला, आणि मी आले इथे, सासऱ्यांच्या दुकानात, बंदुका पुसायला. आणि दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवणाची टर्की कापून झाली की, मर्ल उठून उभा राहायचा आणि नक्कल करायचा माझी. डोळे कसे गरगरले, पाय कसे वर गेले. दर वर्षी. दर वर्षी, पोरी! पाहुणे हसायचे, मीही हसायचे, बटाटे वाढता वाढता.

पण इथे उभी राहून मी शिकले ना. कुठली लाथ मारते, कुठली मारत नाही, का मारत नाही — सगळं. आणि एक दिवस अशीच गॅसवरची बंदूक घेतली आणि मंगळवारी संध्याकाळी जायला लागले पलीकडच्या तालुक्यात, हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडायला. घरी सांगायचे, गायनाची तालीम आहे चर्चमध्ये. मर्ल एकदा म्हणाला, ‘इतकी वर्षं गातेस, आवाज काही सुधारला नाही तुझा!’ उजवा खांदा गेलेला, म्हणून डाव्यावर शिकले मी. डावा डोळा, डावं बोट, सगळं उलटं. पहिल्या वर्षी तर वाऱ्यालाही लागलं नसेल माझं काही. पण सोडलं नाही. प्रत्येक तबकडी फुटली की मी मनात एकेकाचं नाव घ्यायचे. व्हर्जिलचं जास्त वेळा. मर्लचं सगळ्यात जास्त.

मग थेरनने, आमच्या मुलाने, ब्रिटाला आणलं घरी. लग्न ठरलेलं. तुझ्याएवढीच, अशीच बारीक, अशीच मधेमधे बोलायला बघणारी. मोसमाचा पहिला शनिवार, कोठारामागे सगळे जमलेले, आणि मर्ल आज्याची ती एकनळी घेऊन येतोय. तीच चाल, तेच हसू. व्हर्जिल म्हाताऱ्याने तोंड उघडलंच होतं, ‘पोरी, अंगाला टेकवायची नाही —’ आणि मी मधे उभी राहिले. म्हटलं, ‘मर्ल, आधी तुझी-माझी होऊन जाऊ दे. पंचवीस तबकड्या. तू जिंकलास तर घाल ती हिच्या हातात. मी जिंकले तर ती तू उडवायचीस, व्हर्जिल सांगतो तशी धरून.’ सगळे ओरडायला लागले, हसायला लागले. मर्ल म्हणाला, ‘तू? तू कशाने मारणार, लाटण्याने?’ मी गाडीतून माझी बंदूक काढली. डाव्या खांद्याला लावली. तेव्हा पहिल्यांदा त्याचं हसू जरा सैल झालं.

दोन चुकल्या माझ्या. त्याच्या किती चुकल्या ते मोजायची कुणाला हिंमत नव्हती. मग मी म्हटलं, ‘धर.’ थेरन म्हणाला, ‘आई, जाऊ दे, पुरे झालं.’ पुरे कसं झालं? मर्लही बिचारा बघत होता माझ्याकडे — बिचारा कसला! — पण सगळ्या मंडळींसमोर नाही म्हणायची सोय नव्हती त्याला. पुरुषाचं नाक ना. काडतूस मी दिलं. हंसांवरचं सुद्धा नाही, त्याहून जड, ती काडतुसं मी वर्षभर आधीच मागवून ठेवली होती खास — म्हणजे, दुकानात होतीच ती, कुणीतरी मागितली असतील. ‘लांब धर,’ म्हटलं, ‘आणखी लांब. ओढ चाप.’

ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी दांड्यावर पडला. उजव्या खांद्याचे स्नायू पार तुटले. शहरातल्या डॉक्टरने दोनदा उघडला खांदा, काही उपयोग झाला नाही. आणि मी हसले, पोरी. इतकी हसले, इतकी हसले की मला बसावं लागलं. इतक्या वर्षांचं हसू होतं ते. कुणी साथ दिली नाही, व्हर्जिलनेसुद्धा नाही. नसू दे. आता थँक्सगिव्हिंगला मी उभी राहते आणि नक्कल करते. डोळे कसे, पाय कसे. मंडळी कमी येतात हल्ली, ते सोड. ब्रिटा? ब्रिटाने काय करावं? मी तिला वाचवलं होतं, बरं का, मी! ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, गळ्यात पडेल. तर म्हणते कशी, ‘आई, तुम्ही अगदी त्यांच्यासारख्याच हसलात.’ आणि जेवायच्या आधीच दोघं निघून गेले. पार ओरेगॉनला जाऊन राहिलेत. मुलगा झालाय म्हणे त्यांना. फोटो येतात. मर्लच्या फोनवर येतात.

थांब, तुला दाखवतेच. मर्ल! अहो मर्लसाहेब! बाहेर या जरा, गिऱ्हाईक आहे! मागच्या खोलीत असतो तो, एका हाताने पुंगळ्या निवडत. हां, हा बघ. शर्टाची बटणं काढ, पोरीला खांदा दाखव. असं काय करतोस? नेहमी दाखवतोस ना? — तू का मान फिरवतेस गं? बघ की. बघ आणि मनात ठेव, आणि घरी गेल्यावर त्या गाडीतल्याला सांग, आर्डिथबाईंच्या नवऱ्याचा खांदा बघून आले म्हणावं. ही बंदूक घेऊन जा आणि वर्षभर गप्प शिक, आणि मग —

काय? बोल, बोल, आता बोल. मी कधी अडवलं तुला?

कुणासाठी?

त्याच्यासाठी? त्याच्या खांद्याला सोसेल अशी? — शिडीवरून पडला? कोठाराच्या? अच्छा. वसंतात ऑपरेशन. आणि डॉक्टर आता हो म्हणालेत. आणि तू… तू त्याच्यासाठी बघायला आलीस. म्हणजे दोघांनी जाता यावं म्हणून. दरवर्षी जाता तसं. बरोबरच जाता? मग तो आत का नाही — लाजतो? ‘हळू लागणारी द्या’ म्हणायला लाजतो. हं. मग आधी नाही का सांगायचं तू! मी आपली इतका वेळ —

मर्ल, तू कुठे निघालास? राहू दे, गाडीतल्याला कशाला बोलावतोस, हिचं मी बघते आहे ना. — या, या. बसा. म्हणजे उभे राहा. मर्ल, तुला जमणार नाही, एका हाताने कशी धरशील तू — बरं. लाव. लाव त्याच्या खांद्याला. खळग्यात लाव. हो, गाल खाली. बरोबर आहे. तसंच.

हसताय कशाला तुम्ही दोघं? मर्ल, काय सांगितलंस त्याला? कधी दुकानात चार शब्द बोलत नाही हा माणूस.

काय विचारलंस, पोरी? नाही. नाही, मर्ल नाही जात शिकारीला. त्यानंतर नाहीच गेला. का म्हणजे? खांदा बघितलास ना आत्ताच? — हो, डावा चांगला आहे. डाव्याने येतं शिकता, मी शिकलेच की. — नाही, मी नाही दिली त्याला कधी. अगं, या विकायच्या आहेत. त्याने मागितली होती एकदा. ऑपरेशननंतरच्या ऑक्टोबरात. या भिंतीपाशी उभा राहून म्हणाला, ‘आर्डिथ, हळू लागणारी कुठली असेल तर बघ ना माझ्यासाठी.’ मी म्हटलं, मटारची पिशवी आहे फ्रीजमध्ये. — तशी नको बघूस माझ्याकडे. तुला काय माहीत? तुझी खुर्ची कुणी हिरावून घेतली असती, तर —

अहो, तुम्ही ती त्याच्या हातात कशाला देताय? गिऱ्हाईक तुम्ही आहात. मर्ल, ठेव ती खाली. डाव्या खांद्याला लावून काय बघतोस, लांबी तुला पुरायची नाही.

मर्ल. ठेव म्हटलं ना. सोडत का नाहीस ती?

मर्ल?

…पोरी, तुम्ही निघा दोघं. नाही, आज नाही. आज काही विकायचं नाही मला. ही त्याच्याकडेच राहू दे. जा तुम्ही. दुकान बंद झालंय.