सूनबाईंनी निवडलेली जागा

दुकानात पैसे द्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोन आजोबा उभे होते. एकाच्या काखेत गुंडाळलेली चटई होती.

“या वयात रानात झोपणार?”

“एकदा झोपून आलोय. मुलगा, सून, तीन वर्षांची नात आणि मी.”

“एवढ्याशा पोरीला नेलं?”

“मीही हेच म्हणालो होतो. चांगलं भांडलो. लक्ष ठेवायला म्हणूनच तर सोबत गेलो.”

“मग?”

“मुलाला नदीकाठ आवडला. जागा होतीच तशी, चित्रासारखी. तो तंबू उघडायला लागला, तर सून म्हणाली, इथे नको, डोळा चुकवून पाण्यात जाईल ती.”

“खरंय.”

“थोडं वर गेल्यावर मोकळी जागा दिसली. तिथे सून चक्क रांगायला लागली! म्हटलं, काय हरवलं गं? तर म्हणते, बाबा, पोरीच्या उंचीवरून बघतेय. काटे, काचा, मुंग्यांचं वारूळ, सगळं हुडकलं. एका झाडाची फांदी वाळलेली होती, तिथूनही आम्हाला लांब सरकवलं.”

“नात रडली नाही?”

“रडते कसली! मनसोक्त हुंदडली. लक्ष ठेवायला गेलेला मी, भरदुपारी घोरत पडलो.”

“सून हुशार मिळाली तुम्हाला.”

“हुशार? अहो, लाखात एक! निघताना सगळ्यांसमोर सांगितलं तिला तसं.”

“काय म्हणाली?”

“नातीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बाबा, पुढची जागा तुम्ही दोघांनी शोधायची.”

“आणि तुम्ही?”

“शनिवारी निघतोय आम्ही दोघं, जागा शोधायला.”