माझी पट्टी फुटली न्हाई

आमी जुन्नरचे गवंडी, उस्मान माझं नाव, आन आमच्या घरात चुना म्हंजे इमान. काय सांगू तुम्हाला, माझ्या आज्यानं बांधलेल्या भिंतीवर एकदा पिसाळलेला रेडा आदळला, तर भिंतीला खरचटलं न्हाई आन रेडा जो उलटा उडाला तो थेट बोरी बुद्रुकला जाऊन पडला. खोटं वाटतं? बोरीत इचारा. ज्याचा चुना तडकतो त्याच्या घरी पोरगी देनार न्हाई, असं आजा म्हनायचा, आन खरंच दिली न्हाई.

तर ह्यो घोड नदीवरचा पूल. नाशिकच्या सडकेचा, मंचरला जानाऱ्या समद्या गाड्या ह्याच्यावरनं. पूल बांधला तवा मी पाळन्यात, म्हंजे आमी दोघं जोडीनंच म्हातारे झालो. दोन सालामागं मधल्या कमानीच्या बुडाला भेग पडली. सडकेच्या कामावरचे ओवरशेर आले, तरना मानूस, म्हनले उस्मानभाई, ह्या भेगेवर चुन्याची आडवी पट्टी वढा, रोज नजर ठेवा, फुटली की मला कळवा. बरं म्हनलं. वढली. आठ दिसांत पट्टी मधोमध तडकली! आता तुमीच सांगा, उस्मान गवंड्यानं कोन्या तोंडानं कळवायचं, की माझा चुना कच्चा निघाला?

म्या ती खरवडली, नव्या चुन्यात गूळ घातला. तडकली. मग उडदाचं पानी, बेलाचा गर. पुन्यांदा तडकली. मग डिंभ्याकडच्या डोंगरातली ठकूबाई मंचरच्या बाजारात हिरडा इकायची, तिच्याकडनं अख्खं टोपलं घेतलं. ती म्हनली, भाऊ, पोट लईच बिघडलंय का? म्हनलं, बाई, पोट न्हाई, पूल. ते हिरड्याचं पानी मुरवून असा चुना झाला, असा चुना झाला की त्यावर बसलेली माशी अजून तिथंच हाय. ओवरशेर यायचे, पट्टी बघायचे, अख्खी. पाठ थोपटायचे. मी फुगायचो.

आन ह्या शिमग्याआधी ओवरशेर म्हनतात, उस्मानभाई, दोन साल पट्टी फुटली न्हाई, म्हंजे भेग वाढत न्हाई, पूल पक्का, तसं साहेबाला कागदावर कळवलंय, उद्या खडी दाबायचा वाफेचा रूळ वरनं न्यायचा. तवा कुठं माझ्या डोस्क्यात उजेड पडला. म्हंजे ती पट्टी फुटली तर फुटू द्यायची व्हती? फुटायसाठी कुनी चुना लावतं का, राव? म्या समदं कबूल केलं, गूळ, उडीद, हिरडा, कान धरले. ओवरशेर पोट धरून हसले. म्हनले, तुमचा तो रेडा पोचला का हो बोरीला?

सकाळी रूळ आला, धा हत्तींयेवढा, धूर सोडत. मी आडवा पडलो, चौघांनी उचलून कडंला ठिवला. मग म्या कमानीखाली जाऊन पट्टीवर दोन्ही हात टेकून उभा ऱ्हायलो, म्हनलं पडला तर दोघं संगंच जाऊ. वरनं वज्जं जाया लागलं तशी कमान दाढ दुखल्यावानी कण्हली, डोक्यावर भुगा पडला. रूळ गेला पार. पट्टी? अख्खी. पन तिच्या वीतभर बाजूला दगडातच नवी भेग, केसायेवढी. ओवरशेरला दाखवली, तर त्यांनी आपली पट्टीच बघितली.

तवापासनं मला काई कळंना. पूल पक्का का माझा चुना पक्का? त्या नव्या भेगेवर म्या साधी पट्टी वढली, नुसता चुना, जल्मात पैलं कच्चं काम. काल ती फुटली. आता ती चुन्यानं फुटली का पुलानं, अल्लाला ठावं. उद्या मंचरचा बाजार, गाड्यांची रांग लागंल. माझ्या बोलन्यावर कुनाचा इस्वास न्हाई, पन कागदावर हाय, म्हनून तुमाला बसवून घेतलंय. जसंच्या तसं लिवा आन ओवरशेरला द्या. फकस्त ते रेड्याचं तेवढं गाळा.

आन पुलावरनं नगा जाऊ, भाऊ. पानी गुडघ्याइतकंच हाय. धोतर वर खोचा, माझ्या मागनं या. अल्ला तुमचं भलं करो.